डावा पाय

घंटा झाली. ऐकली मी,
बहिरी नाही झालेय अजून.
फादर बेसारिओन आता धुपाटणं हलवत असतील
आणि मेणबत्त्यांच्या टेबलामागे माझं स्टूल रिकामं दिसलं की
घसा खाकरतील.
खाकरू देत.
मी इथे आहे, वार्लामच्या घरी,
गुडघ्यांखाली पोतं घेऊन जमिनीवर,
आणि टवके उडालेल्या घमेल्यात
त्याचा पाय आहे.

तुला वार्लाम आठवत असेल.
तुझ्या दाराला कुलूप घातलं ते यानंच.
तेव्हा याचे बूट करकरायचे;
गल्लीच्या टोकाला वाजले
की आमच्याकडचं बोलणं
मक्याच्या भाकरीवर यायचं.
तुझ्या गाभाऱ्यात यानं बटाटे भरले.
हिवाळाभर भिंतीवरच्या संतांना
कोंब फुटल्याचा वास.
आणि माझ्या आईला, दारिकोला,
तिथेच झाडू मारायला ठेवलं, मुद्दाम.
आई झाडायची.
पूर्वेच्या भिंतीशी आली
की तिचा झाडू हळू व्हायचा.
एकवीस वर्षं या गावात
तेवढीच तुझी पूजा झाली.

मी काही मोठ्या मनाची नाही, तुला ठाऊक आहे.
दोन वर्षांपूर्वी पोस्टातली त्सियाला म्हणाली,
त्याच्या दारातून वास येतोय.
तर मी बघायला आले, मेला असेल म्हणून.
खरं सांगते, थोडी आशेनंच आले.
तर हा खुर्चीत. जिवंत.
आणि नखं
मेंढ्याच्या शिंगांसारखी वळून
बोटांत रुतलेली.
मुलगा रुस्तावीला असतो, फोन करत नाही.
मी दारातच थांबले.
मनात म्हटलं, बरं झालं.
दुसऱ्यांदा म्हणायला गेले
तर जमेना.

घरी जाऊन बिद्झिनाची कात्री आणली,
द्राक्षवेली छाटायची;
साध्या कात्रीला ती नखं दाद देईनात.

तेव्हापासून दर शनिवारी.
पाणी गार आहे, म्हणतो.
तापवते.
आता पोळतंय, म्हणतो.
आभाराचा शब्द त्याच्या तोंडात कधी नव्हताच,
तुझंही नाव नव्हतं.
एकदा कात्री पुसताना मी काही पुटपुटले
तर खेकसला, माझ्या घरात प्रार्थना नको.
म्हटलं, बोटं मोजतेय.
तसं खोटंही नव्हतं ते.

फादर म्हणतात, नाझिब्रोला,
काम पुण्याचं आहे,
पण आधी सांजप्रार्थना, मग वार्लाम.
त्यांना कसं सांगू?
तिथे उभी राहिले की ओठ हलतात
आणि जीव चुलीवरच्या दुधापाशी.
इथे तसं चालत नाही.
लक्ष केसभर ढळलं तर रक्त.
तुझ्यापुढे इतकी एकाग्र मी
कधी झाले नाही.
रागावू नकोस.
किंवा रागाव.

आज घंटा झाली तसा तो बोलला,
माझ्याशी नाही, खिडकीशी:
जा. तुझी वेळ झाली.

दोन वर्षांत पहिल्यांदा
माझ्या वेळेचं त्याला काही वाटलं.
मी वर पाहिलं नाही.
त्याच्या घोट्याशी एक निळी शीर आहे,
बारीक, उडत असते.
तिच्यावर अंगठा ठेवला
आणि म्हटलं, डावा राहिलाय.

वहीत लिहीत असशील तर
नाझिब्रोलानं क्षमा केली
असलं काही लिहू नकोस.
बटाट्यांचा वास मला अजून येतो,
कधी कधी कात्री जरा जास्त दाबावीशी वाटते.
एवढंच लिही:
शनिवार. बर्फ पडतोय.
उजवा पाय झाला.
पाणी पुन्हा तापत ठेवलंय.